ती सहा माणसे बंडात का उतरली?

बंड म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे उपाशी पोटे, पेटलेली गढी आणि कोयते उगारलेला जमाव उभा राहतो. अन्याय असह्य झाला की माणूस उठतो, असे आपण सहज बोलून जातो. या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु त्याने सारा उलगडा होत नाही. अन्याय तर गावोगाव सहस्रावधी माणसे निमूटपणे सोशीत असतात. एकाच घरातील दोघे भाऊ तोच अन्याय पाहतात. एक मान खाली घालून आपल्या शेताकडे जातो, दुसरा मात्र जागच्या जागी थांबतो. हा दुसरा का थांबतो?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही एक अगदी लहानसे बंड निवडले आहे. जर्मनीत हिटलरची सत्ता जोरात असताना, १९४२ व १९४३ या साली, म्यूनिक शहरातील पाच विद्यार्थी आणि एक प्राध्यापक यांनी राजसत्तेविरुद्ध सहा पत्रके काढून गुप्तपणे वाटली. पहिल्या चार पत्रकांच्या माथ्यावर ‘श्वेत गुलाब’ असे नाव होते. त्याच नावाने ही मंडळी आज ओळखली जाते. त्यांच्यापाशी टंकलेखनाचे यंत्र, सायक्लोस्टाइलचे यंत्र, कागद आणि टपालाची तिकिटे एवढीच सामग्री होती. सहाही जणांचा शिरच्छेद झाला.

हेच उदाहरण निवडण्याचे कारण असे की, या माणसांची पत्रे, रोजनिश्या आणि पोलिसांनी घेतलेले त्यांचे जबाब मागे राहिले आहेत. त्यामुळे मनुष्य या वाटेला कसकसा लागला हे पाऊल मोजून पाहता येते. शिवाय त्यांतील एकावरही उपासमारीची पाळी आली नव्हती. सारी खाऊनपिऊन सुखी घरांतील माणसे. मुकाट राहिली असती तर युद्धानंतर त्यांतील चौघे डॉक्टर झाले असते, आणि आम्हांस त्यांची नावेही ठाऊक झाली नसती.

प्रथम हान्स शॉल याचीच कथा घेऊ. हा उल्म गावचा प्रॉटेस्टंट घरातील मुलगा. वडील रोबर्ट शॉल हिटलरचे कडवे विरोधक. पण मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असताना, १९३३ साली, मोठ्या हौसेने हिटलरच्या युवकदलात शिरला आणि पाहता पाहता पुढारी झाला. बापलेकांचे खटके उडू लागले. १९३५ साली न्यूरेंबर्ग येथील प्रचंड मेळाव्यात निशाण धरण्याचा मान त्याला मिळाला. तेथून तो उतरलेल्या चेहऱ्याने परत आला, असे त्याच्या बहिणीने लिहून ठेवले आहे. पुढे त्याच्या पथकातील मुलांनी स्वतःच्या हातांनी शिवलेले एक निशाण वरिष्ठाने काढून घेण्याचा हुकूम केला, तेव्हा हान्सने त्या वरिष्ठाच्या थोबाडीत मारली. वाचकांस हसू येईल, परंतु एका कापडाच्या तुकड्यावरून हा तरुण सत्तेपासून दुरावू लागला. यहुद्यांवर होणारे जुलूम, वर्तमानपत्रांची गळचेपी, तुरुंगात टाकलेली माणसे, हे सारे त्या वेळी देशात घडतच होते. पण त्याला प्रथम झोंबले ते आपल्या मुलांचे निशाण. पुढे १९३७ साली, बंदी घातलेल्या एका युवकसंघाशी संबंध ठेवल्यावरून पोलीस शॉल भावंडांस घरातून घेऊन गेले. धाकटी सोफी तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला लागलीच सोडून दिले, पण हान्सने काही आठवडे कोठडीत काढले.

विली ग्राफ याची रीत अगदी उलट. हा झारब्रुकेन शहरातील श्रद्धाळू कॅथलिक घरचा मुलगा, मिस्सेला वेदीसेवक म्हणून उभा राहणारा, मितभाषी आणि हट्टी. शाळेत एकामागून एक सोबती युवकदलात जाऊ लागले. दल म्हणजे सहली, गाणी, गणवेश, आणि न गेल्यास शिक्षकांची वक्रदृष्टी. विली गेला नाही. त्याच्यापाशी मित्रांच्या पत्त्यांची एक वही होती. जो मित्र युवकदलात जाई त्याच्या नावावर तो रेघ मारी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास अशा रेघा मारणे किती जड गेले असेल, याची कल्पना ज्याला शाळकरी वयात एकटे पडावे लागले आहे त्यालाच येईल. १९३८ साली बेकायदा ठरवलेल्या कॅथलिक युवकमंडळाच्या सहलींस गेल्याबद्दल तोही काही दिवस तुरुंगात राहून आला.

अलेक्झांडर श्मोरेल याचा जन्म रशियातील. आई रशियन, ती लहानपणीच वारली, आणि म्यूनिकमध्ये त्याला वाढविले ते एका रशियन दाईने. तो ऑर्थोडॉक्स पंथाचा होता. सैन्यात भरती झाल्यावर हिटलरच्या नावाने शपथ घेण्याचा प्रसंग आला तेव्हा त्याने आपणांस मोकळे करावे अशी विनवणी केली. ती अर्थातच फेटाळली गेली. ख्रिस्तोफ प्रोब्स्ट याची सावत्र आई यहुदी वंशाची होती. म्हणजे, ज्यांना हे राज्य शत्रू मानीत होते ती माणसे या दोघांच्या घरचीच होती. ज्या आईच्या हातचे आपण जेवलो तिला कोणी कीटक म्हणाले, तर त्याची किती व्याख्याने ऐकून घ्यावीत?

आतापर्यंत सांगितलेल्या गोष्टींत बंड कोठेच नाही. एक थप्पड, वहीतील रेघा, एक विनवणी. तथापि आमचे मत असे की, या माणसांची खरी भरती येथेच झाली. पत्रके लिहिली जाण्यापूर्वी कित्येक वर्षे. ज्याने लहान गोष्टीत एकदा नाही म्हटले, त्याला मोठ्या गोष्टीत नाही म्हणणे सर्वस्वी अपरिचित राहत नाही.

मग एक दिवस टपालपेटीत एक निनावी पाकीट आले. म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन यांनी १९४१ साली १३ जुलै, २० जुलै आणि ३ ऑगस्ट या दिवशी तीन प्रवचने दिली. तिसरे प्रवचन संत लाम्बेर्ट यांच्या मंदिरात झाले. वेड्यांच्या इस्पितळांतील रोगी, पंगू, असाध्य दुखणेकरी यांना सरकार मोटारींत घालून नेते व ठार मारते, हे बिशप महाशयांनी प्रवचनपीठावरून स्पष्ट शब्दांत सांगितले. त्या वेळेपर्यंत अशी ७०,००० वर माणसे मारली गेली होती. प्रवचनाच्या प्रती घरोघर हातांनी उतरल्या गेल्या, आघाडीवरील सैनिकांपर्यंत गेल्या. त्यांतील एक शॉल यांच्या घरी येऊन पडली. अखेर कोणीतरी बोलले, असे उद्गार ती वाचून हान्सने काढले, आणि आपणापाशीही असे छपाईचे साधन असायला हवे, हा विचार त्याच्या मनात तेव्हाच आला, असे त्याची बहीण सांगते.

आमच्या वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बिशप गालेन हे बंडखोर नव्हते. सत्ताधाऱ्यांच्या अधीन असावे या संत पौलाच्या उपदेशावर त्यांची निष्ठा होती, आणि आपण क्रांती करणार नाही असे त्यांनी त्याच प्रवचनांत सांगितले होते. यहुद्यांविषयी तर त्यांनी उघडपणे पुरेसे म्हटले नाही, हा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो आम्हांस रास्त वाटतो. परंतु खरा शब्द एकदा मोठ्याने उच्चारला गेला म्हणजे तो बोलणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. ल्यूबेक शहरातील योहान्नेस प्रासेक, एडुआर्ड म्युलर व हेर्मान लांगे हे तीन तरुण कॅथलिक धर्मगुरू आणि कार्ल फ्रीडरिश श्टेलब्रिंक हे प्रॉटेस्टंट पाळक यांनी त्या प्रवचनांच्या प्रती वाटल्या. १० नोव्हेंबर १९४३ रोजी चौघांचाही हॅम्बुर्ग येथे शिरच्छेद झाला. खुद्द बिशपांना फाशी दिल्यास म्युन्स्टरचा सारा मुलूख बिथरेल या भीतीने हिटलरने तो हिशेब युद्धानंतरवर ढकलला. फॉन गालेन पुढे कार्दिनल झाले, आणि २००५ साली ख्रिस्तसभेने त्यांस धन्यवादित म्हणून घोषित केले. तिघा धर्मगुरूंना तोच मान २०११ साली मिळाला.

सोफीच्या कानी ही हकीकत निराळ्या वाटेने आली होती. तिची आई विवाहापूर्वी रुग्णसेविका भगिनी होती. तिच्या मैत्रिणी ज्या संस्थेत मतिमंद मुलांना सांभाळीत, तेथील मुले मोटारींत घालून नेली गेली व परत आली नाहीत, हे त्या मैत्रिणींनीच घरी येऊन सांगितले. आकडा ऐकून मनुष्य हळहळतो. अमक्या मावशीने सांभाळलेली अमकी मुले म्हटले की त्याची झोप उडते.

तरीही ऐकणारे पुष्कळ होते, आणि उठणारे थोडे. या थोड्यांस एकत्र आणले कोणी? कोणत्या पक्षाने नव्हे, कोणत्या भाडोत्री चिथावणीखोराने तर नव्हेच. म्यूनिकला वैद्यकीच्या अभ्यासक्रमात हान्स, अलेक्झांडर, ख्रिस्तोफ व विली यांची गाठ पडली. ते एकत्र पुस्तके वाचीत, गायनाला जात, डोंगर चढत. कार्ल मूथ या वयोवृद्ध कॅथलिक संपादकाचे मासिक सरकारने १९४१ साली बंद पाडले होते. त्यांच्या ग्रंथसंग्रहाची मांडणी करण्याचे काम हान्सला मिळाले, आणि त्या घरी त्याला संत ऑगस्टीन यांच्यापासून अलीकडच्या तत्त्वज्ञांपर्यंत सारे भेटले. सोफीने आपल्या सैनिक मित्राला आघाडीवर जाताना न्यूमन यांच्या प्रवचनांचे दोन खंड दिले होते. अशा बैठकींतून जो विश्वास जमतो, त्याच्या बळावरच एक दिवस एकाने दुसऱ्यास विचारले असेल, की आपण काही करायचे काय? असा प्रश्न परक्याला विचारता येत नाही. गुप्त पोलीस उंबऱ्याशी असताना तर मुळीच नाही.

हे केवळ जर्मनीपुरते खरे नव्हे. गोव्यातील आमच्या वाचकांस १८ जून १९४६ हा दिवस ठाऊकच आहे. डॉ. राम मनोहर लोहिया त्या दिवशी मडगावी बोलायला उभे राहिले, ते मुळात विश्रांतीसाठी असोळण्यास आपल्या मित्राकडे आले होते. तो मित्र, डॉ. ज्युलियांव मिनेझिस, कॅथलिक घरातील. आणि दोघांची मैत्री जुळली होती ती विद्यार्थिदशेत, बर्लिनमध्ये. त्या मैत्रीवाचून ती सभा कदाचित झालीही नसती.

पुन्हा म्यूनिकला जाऊ. १९४२ च्या जून अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हान्स व अलेक्झांडर यांनी चार पत्रके लिहिली. प्रत्येकाच्या सुमारे शंभर प्रती, टपालाने, प्राध्यापक, डॉक्टर, खाणावळींचे मालक अशांच्या पत्त्यावर. दुसऱ्या पत्रकात पोलंडमध्ये तीन लक्ष यहुद्यांची हत्या झाल्याचे सांगितले होते. ज्यांना पत्रके मिळाली त्यांतील बऱ्याच जणांनी ती नेऊन पोलिसांच्या स्वाधीन केली. सोफी त्याच वर्षी मे महिन्यात विद्यापीठात आली होती. भावाने प्रथम तिला काही सांगितले नव्हते. तिला समजले तेव्हा तिने त्याला परावृत्त केले नाही. ती स्वतःच कामाला लागली.

जुलै अखेरीस हान्स, अलेक्झांडर व विली यांना सैनिकी डॉक्टरांचे मदतनीस म्हणून रशियात धाडले. वाटेत वॉर्सा लागले. भिंतीआड कोंडलेली, भुकेने रस्त्यात पडलेली यहुदी माणसे त्यांनी तेथे पाहिली. विली पूर्वीच एकदा त्या आघाडीवर जाऊन आला होता, आणि डोळ्यांनी पाहू नयेत अशा गोष्टी आपण पाहिल्या असे त्याने घरी लिहिले होते. नोव्हेंबरात ते परत आले तेव्हा पूर्वीचा संकोच उरला नव्हता. विली आता पुरता सामील झाला.

वहीत रेघा मारणाऱ्या याच विलीवर आता नावे गोळा करण्याचे काम आले. नाताळच्या सुटीत आणि जानेवारी १९४३ मध्ये तो सैनिकी गणवेशात आगगाडीने गावोगाव हिंडला. बॉन, झारब्रुकेन, फ्रायबुर्ग. युवकमंडळातील जुने विश्वासू मित्र त्याने गाठले. हे सारे सत्तेचे विरोधक होते, आणि सर्वांस सर्व ठाऊक होते. तरीही बहुतेकांनी नकार दिला. काम निष्फळ आहे, घरी म्हातारी आई आहे, युद्ध आपोआप संपेल. झारब्रुकेन व फ्रायबुर्ग येथील बोलिंगर बंधूंसारखे मोजके लोक हो म्हणाले.

नकार देणाऱ्यांस भित्रे म्हणून मोकळे होणे आम्हांस रुचत नाही. म्हातारी आई खरीच होती, आणि राजद्रोह्याच्या कुटुंबाला धरून नेण्याची त्या राज्याची पद्धतही खरी होती. ख्रिस्तोफ प्रोब्स्ट याला तीन मुले होती, धाकटे तर जानेवारी १९४३ मध्ये जन्मलेले. म्हणून मित्रांनीच त्याला पत्रके वाटण्याच्या कामापासून दूर ठेवले होते. त्याने एका पत्रकाचा मसुदा तेवढा हाताने लिहून हान्सजवळ दिला. त्या कागदाने त्याचा प्राण घेतला. हिशेब करून मागे राहिलेल्यांचा हिशेब पुष्कळदा बरोबर असतो. आम्हांस नवल वाटते ते हे, की हिशेब ठाऊक असूनही पुढे गेलेली माणसे त्याच मुशीतील होती.

प्राध्यापक कुर्ट हूबर यांचे येणे तर सर्वांत अनपेक्षित. वय पन्नाशीच्या घरात, एका पायाने लंगडे, लोकगीतांचे अभ्यासक, मनाने जुन्या वळणाचे राष्ट्रभक्त. पगार तुटपुंजा म्हणून १९४० साली त्यांनी हिटलरच्या पक्षाचे सभासदत्वदेखील घेतले होते. आपल्या तत्त्वज्ञानाच्या तासांना ते जे बोलत ते विद्यार्थी कान देऊन ऐकत. विद्यार्थ्यांनी त्यांस आपले गुपित सांगितले, आणि स्टालिनग्राडला लाखो सैनिकांचा बळी गेल्यावर सहावे पत्रक त्यांनीच लिहिले. त्यात जर्मन सैन्याच्या पाठीशी उभे राहावे असे एक वाक्य होते. हान्स व अलेक्झांडर यांनी ते खोडले, त्यावरून कडाक्याचे भांडण झाले आणि प्राध्यापक उठून गेले. बंडात उतरणारे सारे एकाच विचाराचे असतात असे समजणाऱ्यांनी हे भांडण आठवावे.

पाचव्या पत्रकाच्या सहा ते नऊ हजार प्रती निघाल्या होत्या. कागद व तिकिटे एका दुकानातून घेतल्यास संशय येई, म्हणून ती शहरभर फिरून थोडी थोडी विकत घ्यावी लागत. आगगाडीत पत्रकांची पेटी एका डब्यात ठेवून स्वतः दुसऱ्या डब्यात बसायचे, ही युक्ती. उल्मच्या एका प्रॉटेस्टंट मंदिरात, ऑर्गनच्या मागे बसून, पाळकांचा शाळकरी मुलगा व त्याचा मित्र पाकिटांवर पत्ते लिहीत होते.

१८ फेब्रुवारी १९४३ रोजी सकाळी हान्स आणि सोफी यांनी विद्यापीठाच्या ओसरीत, वर्गांच्या दारांपुढे पत्रके ठेवली. उरलेला गठ्ठा सोफीने वरच्या कठड्यावरून खाली चौकात ढकलला. रखवालदार याकोब श्मिड याने ते पाहिले व दोघांस पकडून दिले. त्याला तीन हजार मार्कांचे बक्षीस मिळाले, आणि त्याच सुमारास भरलेल्या सभेत विद्यार्थ्यांनी त्याचा जयजयकार केला. तोही स्वतःच्या मते आपले कर्तव्यच करीत होता.

चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यास सोफीची दया आली असावी. भावाच्या नादी लागून हे केले, मला त्याचे गांभीर्य कळले नाही, असे म्हटल्यास शिक्षा सौम्य होईल, असे आपण तिला सुचविल्याचे त्याने पुढे स्वतः सांगितले. सोफीने ते मान्य केले नाही. आपण जे केले ते समजून केले आणि पुन्हा तेच करू, असा तिचा जबाब होता. या ठिकाणी आमच्या साऱ्या विवेचनाला मर्यादा पडते. भाऊ, मित्र, पुस्तके, बिशपांचे प्रवचन, आईच्या मैत्रिणी, यांनी तिला दारापर्यंत आणले हे आपण दाखवू शकतो. उंबरठा तिने स्वतः ओलांडला, आणि त्याचे श्रेय वा दोष दुसऱ्या कोणास देण्यास ती तयार नव्हती.

२२ फेब्रुवारीस काही तासांत खटला उरकला. त्याच दिवशी सायंकाळी हान्स, सोफी व ख्रिस्तोफ यांचा श्टाडेलहाइमच्या तुरुंगात शिरच्छेद झाला. वये चोवीस, एकवीस आणि तेवीस. ख्रिस्तोफने मरणापूर्वी तुरुंगातील कॅथलिक धर्मगुरूंकडून स्नानसंस्कार व पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला. हूबर व अलेक्झांडर १३ जुलैला गेले. अलेक्झांडरला २०१२ साली त्याच्या पंथाने म्यूनिकमध्ये संत म्हणून घोषित केले.

विलीला मात्र आणखी तीन महिने जिवंत ठेवले. त्याच्याकडून नावे हवी होती. गावोगाव हिंडताना तो कोणाकोणास भेटला, कोण हो म्हणाले, कोण नाही म्हणाले, हे सारे त्याच्या डोक्यात होते. त्याची बहीण आनेलीझ त्याच्याच बिऱ्हाडी राहत होती आणि त्याच्याबरोबरच पकडली गेली; तिला त्याने आपल्या कामाचा थांगही लागू दिला नव्हता. होकार देणाऱ्यांना तर त्याने वाचविलेच, पण ज्यांनी त्याला रिकाम्या हाती परत पाठविले त्यांनाही त्याने झाकले. १२ ऑक्टोबर १९४३ रोजी, पंचविसाव्या वर्षी, त्याचा वध झाला.

याच दिवसांत म्यूनिकमधील रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी, हान्स लाइपेल्ट, हूबर यांच्या विधवेसाठी आणि मुलांसाठी पैसे जमवीत होता. त्याची आई यहुदी वंशाची. तो स्वतः युद्धात शौर्यपदक मिळवून आला होता आणि त्याच वंशाच्या कारणाने सैन्यातून काढला गेला होता. हान्स व सोफी यांना त्याने कधी पाहिले नव्हते. पकडापकडीच्या दिवशीच सहावे पत्रक त्याच्या हाती टपालाने आले. शिरच्छेदाची बातमी वर्तमानपत्रात वाचल्यावर त्याने व त्याची मैत्रीण मारी-लुईझे यान हिने ते टंकलेखन यंत्रावर पुन्हा उतरून काढले, त्या माणसांचा आत्मा जिवंत आहे अशा अर्थाची एक ओळ माथ्यावर घातली, आणि ईस्टरला त्याच्या प्रती हॅम्बुर्गला नेल्या. किंमत काय पडते हे या दोघांना पुरते ठाऊक होते. त्या वर्गणीत पुष्कळांनी आपापली भर घातली. त्यांतील बहुतेकांस पत्रक हातात धरण्याचे धैर्य झाले नसते, पण एका विधवेसाठी खिशात हात घालणे त्यांना जमले. वर्गणीची कुणकुण पोलिसांस लागली. दोघेही ऑक्टोबर १९४३ मध्ये पकडले गेले. मारी-लुईझेला बारा वर्षांची शिक्षा झाली. युद्ध संपताच ती सुटली. लाइपेल्टला २९ जानेवारी १९४५ रोजी श्टाडेलहाइममध्येच, त्याच गिलोटिनखाली, देहदंड देण्यात आला.